थर्मोस्टॅट काढून टाकावा काय?



यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, विदर्भ संपून मराठवाडा सुरू होतो त्या सीमेवर, पैनगंगेच्या खोऱ्यात उमरखेड हे तालुक्याचे गाव आहे. नागपूर–तुळजापूर महामार्ग येथून जातो. मे महिन्यात येथील पारा ४४–४५ अंशांपर्यंत चढतो, तर डिसेंबर-जानेवारीतील पहाटे तो १०–१२ अंशांवर उतरतो. या रस्त्यावर आणि आत ढाणकी, बिटरगावकडे जाणाऱ्या वाटांवर जुन्या जीपगाड्या, सुमो, बोलेरो आजही धावताना दिसतात. टाटा सुमो १९९४ मध्ये बाजारात आली व तिचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. महिंद्र बोलेरो २००० साली आली. म्हणजे यांतील कित्येक गाड्या तुमच्यापेक्षा वयाने मोठ्या आहेत! माणसे, भाजीपाला, शाळेची मुले आणि वेळप्रसंगी आजारी माणूस, हे सारे या गाड्या वाहतात. त्या रस्त्यात बंद पडणे ही कोणालाच परवडणारी गोष्ट नाही.

अशी गाडी उन्हाळ्यात गरम होऊ लागली की दोन सल्ले हमखास मिळतात. ते केवळ उमरखेडात नव्हे, तर आपल्या सर्वच उष्ण प्रदेशात मिळतात. पहिला सल्ला असा : “आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला? तो थंड देशासाठी असतो, काढून टाका.” दुसरा असा : “कूलंटवर पैसे कशाला घालवता? साधे बोअरचे पाणी घाला.” हे दोन्ही सल्ले चुकीचे आहेत, असे माझे मत आहे. ते का चुकीचे आहेत हे समजण्यासाठी अभियंता असावे लागत नाही. तुमच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकातील उष्णतेचे आणि दुष्फेन पाण्याचे प्रकरण त्यासाठी पुरेसे आहे.

प्रथम इंजिनाकडे पाहू. इंजिनात जळणाऱ्या डिझेलच्या उष्णतेचे ढोबळमानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाके फिरवण्यास कामी येतो. दुसरा धुराड्यावाटे निघून जातो. तिसरा इंजिनाच्या धातूत शिरतो व तेथून काढून घ्यावा लागतो. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. अॅल्युमिनियम तर ६६० अंशांनाच वितळते. म्हणून इंजिनाच्या ठोकळ्यात पोकळ वाटा ठेवलेल्या असतात. त्यांतून पंप पाणी खेळवतो, तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून जाते आणि पंख्याने ओढलेल्या हवेला आपली उष्णता देऊन परत येते.

यावरून कोणीही म्हणेल की इंजिन जितके थंड तितके चांगले. परंतु हे खरे नाही! थंड इंजिनात डिझेलचे बारीक तुषार सिलिंडरच्या गार भिंतीवर आदळतात आणि नीट जळत नाहीत. काजळी वाढते आणि इंधन अधिक लागते. ज्वलनातून निर्माण होणारी वाफ गार धातूवर निवून पाणी होते व वंगणाच्या तेलात मिसळते. न जळलेल्या इंधनाचा अंशही त्याच तेलात उतरतो. तेलाचा गाळ बनू लागतो आणि पिस्टनची कडी व सिलिंडर लवकर झिजतात. इंजिनाला सोसवणारे तापमान हा एक पट्टाच असतो, बहुतेक गाड्यांत साधारण ८० ते १०० अंशांचा. आपले शरीर जसे उन्हाळ्यात घाम गाळून आणि थंडीत त्वचेकडील रक्तपुरवठा कमी करून ३७ अंशांच्या आसपास राहते, तसेच इंजिनालाही आपला पट्टा सांभाळणारा कोणीतरी लागतो. तो पहारेकरी म्हणजे थर्मोस्टॅट.

तापमान आपोआप सांभाळणाऱ्या साधनाची कल्पना जुनी आहे. सतराव्या शतकात कॉर्नेलिस ड्रेबेल या डच संशोधकाने अंडी उबवण्याच्या पेटीसाठी असे साधन केले होते. मोटारीत पूर्वी द्रव भरलेला भाता वापरीत. पण पाण्याचा दाब बदलला की त्याचे गणित चुके. १९३० नंतरच्या दशकात मेणावर चालणारा थर्मोस्टॅट आला आणि आजही मुख्यतः तोच वापरात आहे. त्याची रचना किती सोपी आहे पाहा! पितळेच्या लहानशा डबीत विशिष्ट प्रकारचे मेण भरलेले असते. पाणी ठरावीक तापमानाला, पुष्कळ गाड्यांत सुमारे ८२ अंशांना, पोचले की मेण वितळू लागते. वितळताना ते प्रसरण पावते व एका दांडीवर जोर देते. मग झडप उघडते आणि पाण्याला रेडिएटरची वाट मिळते. पाणी निवले की मेण आकसते व स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते. यात ना वीज, ना तार.

मेण वितळताना फुगते यावर विश्वास बसत नसेल, तर एक लहान वाटी काठोकाठ वितळलेल्या मेणाने भरून तशीच निवू द्या. मेण घट्ट झाल्यावर मध्यभागी खळगा पडलेला दिसेल. गोठताना मेण आकसले, म्हणजेच वितळताना ते तितकेच फुगले होते. या एका गुणावर जगातील कोट्यवधी इंजिने आपले तापमान सांभाळतात.

आता “आपल्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला?” या प्रश्नाकडे वळू. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकतो हे मुख्यतः पाणी आणि हवा यांच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. पाणी ९० अंशांवर आहे असे धरा. मे महिन्यात दुपारी हवा ४५ अंश, म्हणजे फरक ४५ अंशांचा. डिसेंबरच्या पहाटे हवा १२ अंश, म्हणजे फरक ७८ अंशांचा. ७८ ला ४५ ने भागा. उत्तर येते सुमारे १.७. तोच रेडिएटर, तोच पंखा, पण डिसेंबरात तो मे महिन्याच्या पावणेदोन पट उष्णता बाहेर टाकू पाहतो. जो रेडिएटर मे महिन्यात कसाबसा पुरतो, तो डिसेंबरात गरजेपेक्षा फार मोठा ठरतो. त्याला आवर घालणारी झडप काढून टाकली, तर हिवाळ्यात कित्येक किलोमीटर गेल्यावरही इंजिन नीट तापणार नाही.

आणि मे महिन्याचे काय? भर उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे इंजिनही आपल्या किमान कामाच्या तापमानापेक्षा तीसेक अंशांनी गारच असते. आपल्याला असह्य वाटणारे ऊन इंजिनाच्या दृष्टीने गार हवाच होय. ज्या गावात वर्षाच्या दोन टोकांत इतका फरक पडतो, त्या गावाला थर्मोस्टॅटची गरज कमी नसते, अधिक असते. ‘उष्ण प्रदेशात नको’ हा युक्तिवाद आकडे मांडताच उलटा पडतो.

तरीही अनुभवी मिस्त्री म्हणतात, “अहो, आम्ही काढला आणि गाडी गरम व्हायची थांबली. हे डोळ्यांनी पाहिले आहे.” त्यांचे निरीक्षण खोटे नाही. उघड्यावर, अपुऱ्या हत्यारांनिशी आणि सुटा भाग वेळेवर मिळेलच याची खात्री नसताना ते काम करतात. त्यांच्या हातातले कसब मोठे आहे. प्रश्न आहे तो निरीक्षणावरून काढलेल्या निष्कर्षाचा. थर्मोस्टॅट काढताना काय काय घडते ते पाहा. जुने पाणी निघून जाते. त्याबरोबर थोडा गाळही जातो. नवे पाणी भरले जाते. आत अडकलेली हवा बाहेर पडते. बंदच अडकून बसलेली झडप निघून जाते. एका वेळी चार-पाच गोष्टी बदलल्या, तर गुण कशाने आला हे कसे सांगणार? प्रयोगशाळेत तुम्हांला शिकवतात की एका वेळी एकच गोष्ट बदला, बाकीच्या तशाच ठेवा. तो नियम गॅरेजलाही लागू आहे. शिवाय जो थर्मोस्टॅट काढला तो बिघडलेला होता. त्यावरून बिघडलेला थर्मोस्टॅट वाईट, एवढेच सिद्ध होते. थर्मोस्टॅटच वाईट, हे सिद्ध होत नाही. दाराचे कुलूप गंजून अडकले म्हणून कोणी कायमचे बिनकुलपाचे दार ठेवीत नाही. नवे कुलूप आणतात.

थर्मोस्टॅट काढल्याने काही इंजिने उलट जास्तच तापतात. पुष्कळ थर्मोस्टॅटना दोन झडपा असतात. एक रेडिएटरची वाट उघडते, त्याच वेळी दुसरी इंजिनातल्या इंजिनात फिरणारी आडवाट बंद करते. थर्मोस्टॅटच नसेल, तर आडवाट सदैव उघडी राहते. मग तापलेल्या पाण्यातील काही भाग रेडिएटरकडे न जाता तसाच इंजिनात परततो. माणसांनी भरलेली गाडी चढ चढू लागली की हा फरक काट्यावर दिसतो.

येथे थर्मोस्टॅटच्या बाजूने दिले जाणारे एक चुकीचे कारणही खोडून काढले पाहिजे. काही जण सांगतात की झडप नसली तर पाणी इतक्या वेगाने धावते की रेडिएटरमध्ये उष्णता सोडायला त्याला वेळच मिळत नाही. हे पटण्यासारखे वाटते, पण बरोबर नाही. पाणी वेगाने गेले तर एका फेरीत थोडी उष्णता सोडते हे खरे, पण ते तितक्याच लवकर पुन्हा फेरी मारते. वेग वाढल्याने एकूण उष्णता कमी सुटत नाही. आपले मत बरोबर असले तरी त्याच्या समर्थनार्थ चुकीचे कारण देऊ नये, ही विज्ञानाची शिस्त आहे.

आता दुसरा सल्ला, बोअरच्या पाण्याचा. येथेही आधी विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडू. उष्णता वाहून नेण्यात पाण्यासारखा द्रव नाही. कूलंटमध्ये मुख्यतः एथिलिन ग्लायकॉल असते. ते व पाणी निम्मे-निम्मे मिसळले, तर त्या मिश्रणाचा विशिष्ट उष्मा पाण्यापेक्षा सुमारे पंधरा टक्क्यांनी कमी भरतो. शिवाय ग्लायकॉल वापरण्याचे मूळ कारण, थंड देशात पाणी गोठून इंजिन फुटू नये हे, उमरखेडला लागूच नाही. मग कूलंट हवे कशाला?

पहिले कारण उत्कलनांकाचे. पाणी १०० अंशांना उकळते, निम्मे-निम्मे मिश्रण सुमारे १०७ अंशांना. रेडिएटरचे टोपण आतील दाब वाढवते, तेव्हा दोन्हींचा उत्कलनांक आणखी पंधरा-वीस अंशांनी वर जातो. प्रेशर कुकरचे तत्त्व तेच आहे. घाटात किंवा गर्दीत इंजिन जास्त तापले, तर हे सात अंश उपयोगी पडतात. पाणी उकळले की धातूला वाफेचे बुडबुडे चिकटतात. वाफ पाण्याइतकी उष्णता काढून घेऊ शकत नाही. तेथील धातू भाजून निघतो, इंजिनाचे डोके वाकते व त्याखालचे गॅस्केट उडते.

दुसरे कारण आपल्या जमिनीत आहे. आपला बराचसा प्रदेश बेसाल्टच्या काळ्या खडकाचा आहे. या खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. असे पाणी दुष्फेन असते. त्यात साबणाला फेस येत नाही. हे पाणी तापले की विद्राव्य कॅल्शियम बायकार्बोनेटचे विघटन होऊन अविद्राव्य कॅल्शियम कार्बोनेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतात. घरातल्या बंबाच्या आतून जो पांढरा, टणक थर बसतो तो हाच. या थरातून उष्णतेचे वहन धातूच्या तुलनेत फारच कमी होते.

हिशेब करून पाहू. एका लिटर पाण्यात ३०० मिलिग्रॅम क्षार आहेत व गाडीत १० लिटर पाणी मावते असे समजा. एकदा भरले तर जास्तीत जास्त ३ ग्रॅम क्षार बसतील. हे फार नाही. पण रेडिएटर किंचित गळका असेल आणि ड्रायव्हर रोज सकाळी एक लिटर पाणी वरून घालत असेल तर? पाण्याची वाफ उडून जाते, क्षार मागेच राहतात. वर्षाच्या ३६५ लिटरांतून सुमारे ११० ग्रॅम क्षार आत जातात. त्यातला काही भाग गळतीबरोबर बाहेर गेला, तरी उरलेला रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्या बुजवण्यास पुरेसा आहे. मग उन्हाळ्यात गाडी गरम होते आणि दोष थर्मोस्टॅटवर येतो!

तिसरे कारण गंजाचे. इंजिनात बिडाचे लोखंड, अॅल्युमिनियम, तांबे, पितळ असे निरनिराळे धातू एकाच पाण्यात असतात. दोन निरनिराळे धातू आणि क्षारयुक्त पाणी म्हणजे काय, हे विद्युतघट शिकलेल्या विद्यार्थ्याला सांगायला नको. त्यातला एक धातू झिजू लागतो. चांगल्या कूलंटमध्ये गंजरोधक द्रव्ये असतात. ती धातूवर संरक्षक लेप धरतात. मात्र काळाने ती खर्ची पडतात. म्हणूनच कूलंट वरून स्वच्छ दिसले, तरी गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीत ते बदलावे लागते. रंगावर जाऊ नये. सारख्या रंगाची दोन कूलंटे भिन्न रसायनांची असू शकतात व ती मिसळल्यास गाळ होऊ शकतो.

थर्मोस्टॅट आणि कूलंट एकाच वेळी बदलणे सोयीचे असते, कारण पहिला बदलताना दुसरे काढावेच लागते. काम अवघड नाही, पण क्रम पाळावा लागतो. इंजिन पूर्ण गार होऊ द्यावे. जुने कूलंट भांड्यात काढावे. स्वच्छ पाण्याने आतील वाटा धुऊन घ्याव्यात. जुना थर्मोस्टॅट काढून बैठक घासून साफ करावी. नवा थर्मोस्टॅट त्याच तापमानाचा आणि त्याच दिशेने बसवावा व गॅस्केट नवे घालावे. कूलंट पातळ करायचे असेल, तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी वापरावे; बोअरचे नव्हे. शेवटी आत अडकलेली हवा काढून पातळी पुन्हा पाहावी. जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट काही शे रुपयांना मिळतो, तर डोके वाकले आणि गॅस्केट उडाले की खर्च कित्येक हजारांवर जातो. कोणत्या बचतीला बचत म्हणावे, हे ज्याचे पोट त्या गाडीवर आहे त्याने ठरवावे.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. आडरानात झडप बंदच अडकली व जवळ नवा थर्मोस्टॅट नाही, तर तो काढून गाव गाठणे शहाणपणाचे आहे. पण ती तात्पुरती सोय झाली, दुरुस्ती नव्हे. गावात पोचल्यावर नवा बसवला, तरच दुरुस्ती पूर्ण झाली.

दोन गोष्टींची खबरदारी प्रत्येकाने घ्यावी. तापलेल्या रेडिएटरचे टोपण कधीही उघडू नये. दाबाखाली १०० अंशांवर तापलेले पाणी दाब सुटताच एकदम वाफेत बदलते व चेहरा, हात भाजून काढते. दुसरी खबरदारी त्याहून दुर्लक्षित आहे. एथिलिन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी असते. ते पोटात गेल्यास मूत्रपिंडे निकामी होतात व जीवही जाऊ शकतो. नालीत ओतलेले किंवा उघड्या घमेल्यात ठेवलेले कूलंट कुत्रे, शेळी, वासरू पिऊ शकते, लहान मूलही. म्हणून ते झाकणाच्या डब्यात, नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावे. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच भरू नये. कोणाच्या पोटात गेलेच, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. गॅरेजमधून काढून टाकलेले दोन-तीन जुने थर्मोस्टॅट मागून आणा. ते बहुधा फुकट मिळतील. साबणाने स्वच्छ धुऊन चंचुपात्रातील पाण्यात दोऱ्याने असे टांगा की ते तळाला टेकणार नाहीत. शेजारी ११० अंशांपर्यंतचा तापमापक टांगा व पाणी सावकाश तापवा. झडप कोणत्या अंशाला उघडू लागते, कोणत्या अंशाला पूर्ण उघडते आणि निवताना कधी मिटते, याची नोंद विद्यार्थ्यांना करू द्या. थर्मोस्टॅटवर कोरलेला आकडा आणि आपला आकडा ताडून पाहा. मिटताना तापमान उघडतानाच्या तापमानाहून काहीसे खाली आढळेल. ते का, यावर वर्गात चर्चा घडवा. बिघडलेले म्हणून फेकलेल्यांपैकी एखादा ठणठणीत निघाला, तर ती चर्चा अधिकच रंगेल. मग तोच प्रयोग ज्या मिस्त्रींनी ते दिले त्यांना शाळेत बोलावून दाखवा. त्यांच्या अनुभवातूनही वर्गाला पुष्कळ शिकता येईल.

एखादा भाग बिघडला की तो काढून टाकणे सोपे असते, आणि गाडी त्यानंतरही चालते म्हणून तो भाग निरुपयोगीच होता असे वाटू लागते. ही सवय केवळ गाड्यांपुरती राहत नाही. पंपाचा फ्यूज जळला की तेथे जाड तार बांधणारा माणूस हेच करीत असतो. कोणतीही वस्तू काढून टाकण्यापूर्वी ‘ही येथे कशासाठी ठेवली असेल?’ असा प्रश्न विचारा. उत्तर सापडेपर्यंत पाना खाली ठेवा.